वरच्या मजल्यावरची फॅमिली

मी बिअर पिते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना नाक मुरडायचंय त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं आणि मला पुढचं सांगू द्यावं. रोज नाही, शुक्रवारी, एक बाटली. ही सवय मला नवऱ्याने लावली. रविवारी दुपारी दार लावून, पडदे ओढून तो माझ्या ग्लासात अर्धी ओतायचा आणि म्हणायचा, "हळू हस, शेजारी ऐकतील." तो गेला. त्यानंतर कितीतरी वर्षं मी गार पाणी पीत राहिले, कारण विधवेने काय प्यावं हे आमच्याकडे विधवा सोडून सगळ्यांना पाठ असतं. मग पन्नाशी उलटली आणि मला त्या गार पाण्याचा कंटाळा आला.

मी पावण्याच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात माल तपासते. पाइपांच्या जोडात बसतात त्या रबरी चकत्या. दिवसभर एकेक चकती हातात घ्यायची, वाकवायची, चीर दिसली की बाजूला टाकायची. शुक्रवारी आम्हाला सुट्टी. राहते पनवेलजवळ, करंजाड्यात. फ्लॅट माझ्या नावावर, त्यात मी, मुलगा आणि सून. आमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावर एक बार आहे. खाली परमिट रूम, वर एसी. जिन्याच्या तोंडाशी पाटी आहे, 'वरचा मजला फक्त फॅमिलीसाठी.'

या पाटीचा अर्थ बाहेरच्या माणसाला सांगायला हवा. खाली पुरुष बसतात. तिथे बाई गेली तर कोणी हाकलत नाही, पण चाळीस माना वळतात आणि परत फिरायचं नाव घेत नाहीत. वर जायचं तर फॅमिली लागते. एकट्या पुरुषाला वर प्रवेश नाही, कारण तो वरच्या बायकांकडे बघेल. एकट्या बाईलाही नाही, कारण ती कशाला आली असेल. म्हणजे एक पुरुष आणि एक बाई एकत्र आल्याशिवाय या करंजाड्यात कोणाला एसीत बसून मासे खाता येत नाहीत. नियम करणाऱ्याच्या अकलेला हात जोडावेत.

पहिल्यांदा गेले तेव्हा मे महिना होता. जिन्याशी कॅप्टनने अडवलं. कॅप्टन म्हणजे इथला मुख्य वाढपी, उडपीकडचा, काळा कोट घालणारा, आणि नियमाला पोलिसापेक्षा कडक. म्हणाला, "मॅडम, पार्सल?"

"पार्सल नको. बसायचंय."

"फॅमिली?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तोंड उघडणार इतक्यात मागून आवाज आला, "आवो, आमी फॅमिलीच हाय. ह्या जरा पुढं आल्या, मी गाडी लावत हुतो."

वळून बघितलं. पांढरा लेंगा-शर्ट, कपाळाला गंध, हातात बटाट्यांची पिशवी, घामाने निथळलेला माणूस. गाडी लावणाऱ्याच्या हातात निदान किल्ली तरी असते. मी कॅप्टनकडे बघितलं, त्या माणसाकडे बघितलं, आणि उकाडा इतका होता की म्हटलं, "किती वेळ लावलात?" दोघं वर गेलो.

हे मुकादम. बाजारसमितीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडींच्या टोळीचे मुकादम, मूळचे पाटणच्या डोंगरातले. बायको वारलेली, दोन मुली लग्न होऊन साताऱ्याकडेच. त्यांना गारवा हवा होता आणि आठवडाभर कॅप्टन त्यांना खालीच बसवत होता. मी वर जाऊन दुसरं टेबल धरलं तर हे माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, "येगळं बसलो तर उठवतील दोघास्नी." मुद्दा बरोबर होता. मी बिअर मागवली. कॅप्टनने ती स्टीलच्या पेल्यात घालून, वर स्ट्रॉ खोचून आणली, लेडीजसाठी. मी म्हटलं, "मी काय आजारी आहे? काचेचा ग्लास आणा." मुकादम हसले नाहीत. त्यांनी माझी बिअर स्वतःच्या काचेच्या ग्लासात ओतून माझ्यापुढे सरकवली आणि स्वतः त्याच स्टीलच्या पेल्यात स्ट्रॉने सोडा प्यायले.

तिसरे भाई. उरणकडचे कोकणी मुसलमान, जासईच्या कंटेनर यार्डात माल सोडवण्याच्या कागदपत्रांचं काम, राहायला करंजाड्यात. दारूला हात लावत नाहीत, पण इथल्या तळलेल्या सुरमईसाठी काही पण करतील. डॉक्टरांनी त्यांना धुरात बसायला मनाई केली होती, आणि खाली तर धुराचाच पडदा. एका शुक्रवारी ते जिन्याशी उभे राहून आम्हाला अदबीने म्हणाले, "तुमच्या फॅमिलीत एक जागा आहे का?"

"हा माजा भाऊ," मुकादम कॅप्टनला म्हणाले.

कॅप्टनने एकाचं गंध बघितलं, दुसऱ्याची दाढी बघितली. "सख्खा?"

"दूधभाऊ," भाई शांतपणे म्हणाले.

कॅप्टनने मान डोलावली. ज्या माणसाने हे गिळलं तो पुढे काहीही गिळेल हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

असे दोन उन्हाळे गेले. कॅप्टन मला वैनी म्हणायचा, मुकादमांना दादा. आम्ही त्याला दुरुस्त केलं नाही, कारण दुरुस्त केलं असतं तर खाली जावं लागलं असतं. आणि भांडायचो म्हणाल तर असे की आजूबाजूची खरी जोडपी गप्प होऊन ऐकायची. मसाला पापड हे आमचं कायमचं भांडण. त्यांना तळलेला, मला भाजलेला. "भाजलेला पापड सुतकात खात्यात," ते म्हणायचे. मी म्हणायचे, "तळलेला खाऊन तुमचं सुतक लवकर येईल." भाई मध्ये पडून निम्मा-निम्मा करायला लावायचे. भाईंची बायको त्यांच्याबरोबर डब्यात तांदळाची गोड सांदणं पाठवायची. बाहेरचं खाणं इथे चालत नाही, म्हणून पहिलं सांदण कॅप्टनला द्यायचो.

मुकादमांना मी आवडत होते का? त्यांनी कधी सांगितलं नाही. दर शुक्रवारी माझ्या खुर्चीच्या पाठीला एक पिशवी लटकवायचे, बटाटे, कांदे, वर कोथिंबिरीची जुडी. बटाटे एकसारखे, एकालाही कोंब नाही, डाग नाही. अख्ख्या गोणीतून निवडलेले. मी दिवसभर चिरा शोधणारी बाई, निवडलेला माल मला कळतो.

आणि मला ते? एका शुक्रवारी वाशीला बहिणीकडे गेले होते, बस बंद पडली, मला फार उशीर झाला. आले तर मुकादम जिन्याशी उभे. पाय बदलत, घाम पुसत. मी म्हटलं, "खाली बसायचंत की."

ते म्हणाले, "खाली बसलो असतो तर तुमी वर कुनाबरं गेला असता?"

त्या दिवशी मला बिअर जरा जास्तच चढली. घरी येऊन आरशात बघितलं आणि स्वतःलाच म्हटलं, बाई, पन्नाशीनंतर हे काय काढलंस. पण मनातून बरं वाटत होतं, फार बरं वाटत होतं.

मुलाला मी खोटं सांगितलं नव्हतं. तो विचारायचा, "आई, शुक्रवारी कुठे जातेस?" मी म्हणायचे, "जेवायला." पुढे त्याने विचारलं नाही आणि मी वाढून दिलं नाही. तो बेलापूरला ऑफिसात आहे, सोसायटीच्या कमिटीवर आहे, आणि बापाच्या फोटोला रोज सकाळी स्वतः हार घालतो. चांगला मुलगा आहे. चांगल्या मुलांची हीच पंचाईत असते, त्यांना आईही चांगली लागते.

सुनेचा वाढदिवस रविवारी आला. तिचे आई-वडील पुण्याहून आलेले. मुलगा म्हणाला, "कोपऱ्यावर जाऊ या. सासऱ्यांना मासे आवडतात, आणि वर फॅमिली रूम आहे म्हणे."

मी म्हटलं, "पनवेलला शाकाहारी थाळी छान मिळते."

"आई, वाढदिवसाला थाळी?"

मी डोकेदुखी काढून बघितली, गुडघा काढून बघितला. काही चाललं नाही. जिना चढताना मुलगा मला हाताला धरून म्हणाला, "सांभाळून. पायऱ्या उंच आहेत." मी त्या पायऱ्या डोळे मिटून चढले असते.

वर दारात कॅप्टन. मला बघून चेहरा फुलला. "वैनी? आज रविवारी?" मग त्याने माझ्यामागचे चारही चेहरे बघितले आणि त्याचा चेहरा पडला. "दादा नाही आले?"

"कोण दादा?" मुलाने विचारलं.

कॅप्टनने माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत मला चक्क कणव दिसली. त्याला वाटलं, आमचं भांडण झालंय, घरचं कार्य आहे आणि मी नवऱ्याला मागे ठेवून आलेय. कारण मुकादम त्या वेळी खालीच बसले होते. रविवारी मार्केट बंद, माणूस एकटा, जाणार कुठे? हे मला माहीत नव्हतं. कॅप्टनला माहीत होतं.

मुलाला मी म्हटलं, "दुसऱ्या कोणाशी घोळ झाला असेल त्याचा." बसलो. न मागता पापड आला, निम्मा तळलेला, निम्मा भाजलेला. "नेहमीचं," वाढणारा म्हणाला आणि गेला. सून पापडाकडे बघत राहिली. व्याही मेन्यू वाचत होते. मी मनात म्हणत होते, एवढी एक संध्याकाळ निभाव.

आणि जिन्यावर पावलं वाजली. कॅप्टन मुकादमांचं कोपर धरून त्यांना वर आणत होता. मागे ओढणाऱ्या बैलाला आणावं तसं. टेबलाशी आणून उभं केलं, कोट सारखा केला आणि मला हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वैनी, मी समजूत घातली. दादा खाली एकटे बसले होते. आता तुम्ही पण सोडून द्या. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही."

व्याह्यांनी मेन्यू खाली ठेवला. मुलगा म्हणाला, "आई, हे कोण?"

मी सगळं विसरेन, तो क्षण जन्मभर विसरणार नाही. एक 'मला काय माहीत' म्हटलं असतं की सगळं जागच्या जागी राहिलं असतं. मुलगा, सून, सोसायटीतली मान, देवघरातली शांतता. मुकादम मुकाट खाली गेले असते आणि त्यांचा स्वभाव मला ठाऊक होता, परत कधी तो जिना चढले नसते. हे त्यांनाही कळलं होतं. माझ्या आधी तेच बोलले.

"चुकलं वो," मुलाला म्हणाले. "दुसऱ्या टेबलाचा मानूस मी. ह्यो कॅप्टन येडा हाय." आणि माझ्याकडे न बघता, "येतो, ताई."

ताई.

तोवर मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू. पण ते ताई ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. माझी लाज राखायला या माणसाने मला बहीण करून टाकलं होतं, आणि स्वतः चोरासारखा मागच्या मागे सरकत होता. चोरी कोणी केली होती?

"मुकादम," मी म्हटलं, "ताई कोणाला म्हणालात? खुर्ची घ्या."

"आवो, पर..."

"खुर्ची घ्या म्हटलं."

ते बसले. खुर्चीच्या टोकावर. मी मुलाकडे वळले. "हे कोण ते सांगते. दर शुक्रवारी मी यांच्याबरोबर इथे बसते. बिअर पिते, मासे खाते, भांडते. कॅप्टनला वाटलं आम्ही नवरा-बायको आहोत. तसे नाही आहोत. पण हे मला आवडतात, आणि हे मी आजवर यांनाही सांगितलं नव्हतं."

व्याह्यांना ठसका लागला. विहीणबाई बांगड्या मोजत बसल्या. मुलाचा चेहरा लाल झाला होता, आणि आवाज लहान मुलासारखा आला, "बाबांच्या जागी?"

ते मला लागलं. म्हटलं, "बाळा, बाबांच्या जागी कोणी बसत नाही. ती जागा भरलेलीच आहे. मी माझ्या शेजारच्या खुर्चीबद्दल बोलतेय."

"घरी चल."

"जेवण यायचंय."

"आई, तू आत्ता घरी चल."

"पोरीचा वाढदिवस आहे. तिला जेवू दे. मला काय बोलायचं ते उद्या बोल."

तो उठला. त्याच्यामागे व्याही, विहीणबाई. सून सगळ्यांत शेवटी. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आई, सावकाश या." इतकंच. त्या पोरीला मी त्याआधी भाजीत मीठ कमी म्हणून दहादा बोलले असेन.

ते गेल्यावर कॅप्टन टेबलाशी आला. पार उतरलेला. "म्हणजे तुम्ही नवरा-बायको नाही?"

"नाही."

"मग एवढं भांडता कशाला?"

मी पापडाकडे बोट दाखवलं. त्याने एकदा जिन्याकडे, पाटीच्या दिशेला बघितलं, नियमाचा माणूस तो. मग म्हणाला, "मी खाली होतो. मी काय ऐकलं नाही." आणि पाच माणसांची सुरमई आम्हा दोघांपुढे आणून ठेवली.

मुकादम जेवत नव्हते. मान खाली घालून म्हणाले, "माज्यामुळं तुमची अब्रू गेली. लगीन करू आपन. मी निस्तारतो."

मी म्हटलं, "माझी अब्रू कुठे गेली नाही, इथेच बसलीय, मासे खातेय. तुम्हाला लग्नाचं विचारायचं असेल तर लग्न हवंय म्हणून विचारा. नुकसानभरपाई म्हणून विचारलंत तर हा पापड फेकून मारीन."

त्यांनी मान वर केली. मग भाजलेल्या बाजूचा तुकडा मोडून खाल्ला. "वाईट न्हाय लागत," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुलगा बोलला. ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "एक तर लग्न करून मोकळी हो, नाहीतर हे बंद कर. बिल्डिंगमध्ये मी तोंड कसं दाखवू?"

मी म्हटलं, "लग्न करायचं की नाही ते मी आणि ते ठरवू, तुझी बिल्डिंग नाही. आणि बंद करणार नाही. मी काय बंद करू? बसणं? हसणं?"

"मग आम्ही जातो."

"घर तुझं आहे, जाऊ नको. पण शुक्रवारी मी जाणार."

महिनाभरात त्यांनी कामोठ्याला भाड्याने जागा घेतली. बापाचा फोटो तो घेऊन गेला. भिंतीवर चौकोनी डाग राहिला तेव्हा मी जमिनीवर बसून रडले, चांगली मोठ्याने रडले. पडदे ओढायला आता कोणाची भीती होती? शेजारी ऐकत असतील तर ऐकोत.

शुक्रवारी गेले. भाईंना सगळं कळलं होतं. ते काळजीने म्हणाले, "ताई, थोडे दिवस येऊ नका. पोरगं निवळेल. वाफ बसू द्या."

मी त्यांच्यावरच उखडले. "मी उकळलेली नाही, भाई. आणि ज्याला यायचंय तो मी घरात कोंडून घेतलं म्हणून येणार आहे का?" त्यांनी घरी फोन लावला आणि माझ्याकडे दिला. पलीकडे त्यांची बायको. आवाज खणखणीत. म्हणाली, "याचं ऐकू नका. तुम्ही जात जा. तुम्ही तिथे असता म्हणून हा माणूस वेळेवर घरी येतो, नाहीतर मासळीच्या मागे उरणपर्यंत जाईल." भाई शरमून सुरमईत डोकं घालून बसले. मुकादम पोट धरून हसले, आणि खूप दिवसांनी मीही हसले.

मुकादमांनी मग खरोखर विचारलं. बारमध्ये नाही. सकाळी बसस्टॉपवर, माझ्या कारखान्याच्या बसची वाट बघताना, मार्केटला दांडी मारून, धुतलेला शर्ट घालून. म्हणाले, "भरपाई न्हाय. मला पाहिजे म्हनून इचारतोय." मी म्हटलं, विचार करते. अजून करतेय. त्यांना घाई नाही आणि मला तर मुळीच नाही. एकदा लग्न झालंय माझं, छान झालं होतं, दुसऱ्यांदा कोणाच्या धाकाने करणार नाही. सोसायटीतल्या बायका लिफ्टमध्ये गप्प होतात. मी त्यांना नमस्कार करते, मोठ्याने करते.

सून जेवणाच्या सुट्टीत फोन करते. तो बरा आहे म्हणते, कामावर जातो, रात्री टीव्हीपुढे बसून राहतो, माझं नाव काढत नाही, पण मी काय जेवले ते ती सांगते तेव्हा टीव्हीचा आवाज कमी करतो. मुलाचा स्वतःचा फोन अजून आला नाही.

मी त्याची वाट बघते. रोज बघते. भात लावताना हात अजून एक मूठ जास्तच घेतो. आई आहे, वाट बघणं काही सुटत नाही. पण घरात दार लावून बसून मी त्याची वाट बघणार नाही. मी शुक्रवारी कुठे असते ते आता त्याला माहीत आहे.